स्थानी, आदेश आणि जुन्या जीपचा सेल्फ

जुन्या गाडीचा सेल्फ बंद पडला आणि आपण सुट्या भागांच्या दुकानात गेलो, की गल्ल्यामागून पहिला प्रश्न येतो, 'गाडी कोणती?' उत्तर 'विलीस घराण्यातली सहा व्होल्टची जीप' असे असेल, तर बहुधा दुसरा प्रश्न येतच नाही. दुकानदाराची मान आडवी हलते आणि बोलणे संपते. धामणगाव बढे हे बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले गाव. इथून असा भाग शोधायला निघालेल्या माणसाच्या वाटा ठरलेल्या आहेत. आधी मोताळा, मग मलकापूर, नाहीतर राजूर घाट चढून बुलडाणा. तिथेही नाही मिळाले तर खामगाव, अकोला किंवा जळगाव. माझ्याकडच्या जीपसाठी आणि ओळखीतल्या जुन्या गाड्यांसाठी मी या वाटा अनेकदा तुडवल्या आहेत. त्या फिरतीतून माझे एक मत बनले आहे. 'गाडी कोणती?' हा प्रश्न नव्या गाडीसाठी पुरेसा आहे. जुन्या गाडीसाठी 'या जागेवर कोणते काम व्हायला हवे?' असे विचारावे लागते. हा दुसरा प्रश्न नीट विचारता आला, तर निम्मे पर्यायी भाग पन्नास किलोमीटरच्या आतच सापडतात. तो कसा विचारायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

हँडलपासून सेल्फपर्यंत

पेट्रोल इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढायचे, दाबायचे आणि मग ठिणगी पाडायची, तर आधी कुणीतरी इंजिन फिरवावे लागते. पहिली काही दशके हे काम माणसाचा हात करत असे. रेडिएटरखाली हँडल घालून ते जोराने वर ओढायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडू शकते. म्हणूनच जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवत.

यावरचा उपाय अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने शोधला. त्याने १९११ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांत विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्याआधी केटरिंग नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने तिथे विजेची छोटी मोटर बसवली होती. तिला क्षणभरच काम करायचे होते, म्हणून ती लहान असूनही चालत होती. हाच विचार त्याने मोटारगाडीला लावला. इंजिन सतत फिरवायचे असेल तर प्रचंड मोटर लागेल, पण काही सेकंदच फिरवायचे असेल तर लहानशा मोटरला तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त वीज पाजता येते. ती तापेल, पण जळण्याआधी तिचे काम संपलेले असेल.

पर्यायी भाग शोधताना सेल्फचा हा स्वभाव कायम ध्यानात ठेवावा लागतो. सेल्फ हे थोड्या वेळाचे, पण फार मोठ्या प्रवाहाचे यंत्र आहे. साध्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दोनशे अँपियर सहज ओढतो. घरातल्या मुख्य फ्यूजमधूनही एवढा प्रवाह कधी जात नाही. बॅटरीचे लग, अर्थिंगची पट्टी, स्विचमधली तांब्याची चकती, कार्बन ब्रश, कॉइलची पट्टी असा मार्गातला प्रत्येक भाग या प्रवाहाला पुरा पडावा लागतो. जो पर्याय दिसायला सारखा आहे पण या प्रवाहाला पुरत नाही, तो पर्याय नव्हे.

भाग दुर्मीळ का झाले

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्डही त्याच दशकात भारतात आली होती. सुटे भाग परदेशातून येत आणि इथे जोडले जात. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना परवानगी असावी. नुसती जोडणी करणाऱ्या या दोन्ही कंपन्यांनी काम आटोपले. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. देशात त्या गाड्यांचे भाग बनवणारे कुणी नव्हते आणि आयातीवर निर्बंध होते. पर्यायी भाग शोधण्याची आपल्याकडची विद्या मुख्यतः या कोंडीत तयार झाली, असे मला वाटते.

मागे राहिली ती थोडी घराणी. मुंबईत महिंद्राने १९४७ पासून विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे तिचे उत्पादन केले. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने फियाट ११०० आणली. तिच्या गोल पाठीमुळे लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत; तिच्याच वंशात पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली होती. १९६१ साली चेन्नईत लुकास-टीव्हीएस ही कंपनी उभी राहिली आणि सेल्फ, डायनामो यांसारखे भाग देशातच बनू लागले. त्याचा एक परिणाम आज उपयोगी पडतो. एकाच घराण्याचे सेल्फ मोटारी, जीपा आणि ट्रॅक्टर यांत थोड्याफार फरकाने बसत गेले. त्यामुळे मोटारीच्या दुकानात न मिळणारा भाग ट्रॅक्टरच्या दुकानात मिळण्याची शक्यता असते. आमच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात मोटारीचे जुने दुकान शोधावे लागते. ट्रॅक्टरचे दुकान मात्र प्रत्येक बाजारगावात आहे.

पाणिनीकडून घेतलेले दोन शब्द

पर्यायी भागाविषयी नेमके बोलायला मराठीत मला शब्द सापडत नव्हते. 'डुप्लिकेट' म्हटले की फसवणुकीचा वास येतो, 'जुगाड' म्हटले की थट्टा होते. शेवटी व्याकरणातले दोन शब्द कामी आले. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ज्याच्या जागी दुसरे काही येते त्याला 'स्थानी' म्हणतात आणि जे येते त्याला 'आदेश'. 'अस्' या धातूच्या जागी काही प्रत्ययांपूर्वी 'भू' येतो. इथे 'अस्' स्थानी आणि 'भू' आदेश. पाणिनीचा नियम असा, की आदेशाला स्थानीसारखेच वागवावे. 'अस्' धातू होता, म्हणून त्याच्या जागी आलेला 'भू'सुद्धा धातूच समजायचा आणि धातूला लागणारे प्रत्यय त्याला लावायचे. या नियमाला पाणिनीने एक अपवाद जोडला आहे. जे कार्य मूळच्या वर्णावरच अवलंबून आहे, तिथे आदेशाला स्थानीचा अधिकार मिळत नाही.

सेल्फच्या बाबतीत हा नियम आणि हा अपवाद दोन्ही जसेच्या तसे लागू पडतात. जिथे काम जागेवरून ठरते, तिथे दुसऱ्या गाडीचा, ट्रॅक्टरचा किंवा वेल्डिंगच्या दुकानातला भागही बिनदिक्कत चालतो. जिथे काम द्रव्याच्या अंगच्या गुणावर अवलंबून आहे, तिथे आकार कितीही जुळला तरी चालत नाही. सगळे कौशल्य या दोन प्रकारांतला फरक ओळखण्यात आहे.

आधी स्थानी ओळखावा

पर्याय शोधण्याआधी नक्की कोणता भाग गेला आहे हे ठरवावे लागते. सेल्फ फिरत नाही म्हणजे सेल्फ गेला, असे समजून तो उतरवला जातो; कितीतरी वेळा दोष अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीत असतो.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची मुख्य वायर काढावी. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर ठेवावे, लगवर नव्हे. दुसरे टोक सेल्फच्या टर्मिनलवर. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने आकडा वाचावा. हा आकडा म्हणजे वाटेत हरवलेला दाब. बारा व्होल्टच्या गाडीत तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर वायर, लग किंवा स्विच यांपैकी काहीतरी खराब आहे. मग बॅटरीची अर्थिंगची खुंटी आणि सेल्फचे अंग यांमध्ये तेच मोजावे. दोन्हीकडे आकडा लहान आहे, बॅटरी भरलेली आहे आणि तरीही सेल्फ ढिम्म आहे, असे दिसले तरच तो उतरवावा.

सहा व्होल्टच्या गाडीत ही तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. गंजामुळे मार्गात ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा आला आणि दोनशे अँपियर वाहू लागले, तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात. बारातून दोन गेले तर सेल्फ कुरकुरत का होईना फिरतो. सहातून दोन गेले की एक तृतीयांश दाब नाहीसा होतो. जुन्या जीपा थंडीत सुरू होत नाहीत, याचा दोष सहा व्होल्टच्या पद्धतीला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा कुणीतरी मूळची जाड केबल काढून बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. इथे आदेश अगदी हाताशी आहे. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारी पन्नास चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना लग नीट दाबून बसवली, तर उत्तम काम देते. तिचे रबर तेलापासून आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर ठेवावे, एवढेच पथ्य.

पाच प्रश्न

पूर्ण सेल्फच बदलायचा असेल, तर दुकानात जाताना मी पाच प्रश्नांची उत्तरे लिहून नेतो.

पहिला प्रश्न दातांचा. सेल्फचे छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन. ते फ्लायव्हीलच्या कडेला बसवलेल्या मोठ्या रिंगमध्ये अडकते. एकाच नावाच्या गाडीत ही रिंगसुद्धा एकसारखी नसते. विलीस घराण्याच्या चार सिलेंडरच्या इंजिनांत वेगवेगळ्या काळी ९७, १२४ आणि १२९ दातांच्या रिंगा आढळतात. 'जीपचा सेल्फ द्या' हे वाक्य त्यामुळेच अपुरे आहे. दात मोजावेत, आणि शक्य झाल्यास नवे पिनियन हातात धरून रिंगवर फिरवून बघावे. दात मोकळे फिरले पण डुगडुगले नाहीत, तर जोडी जमली.

दुसरा प्रश्न फिरण्याच्या दिशेचा. मोटरच्या आतल्या जोडण्या बदलून ती उलटी फिरवता येते, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या सेल्फमध्ये पिनियन ज्या आट्यांवरून पुढे सरकते, त्या आट्यांनाही उजवा-डावा असतो. व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावावरून आपले मेकॅनिक ज्याला सरळ 'बेंडिक्स' म्हणतात, तो हाच भाग. दिशा बदलली तर बेंडिक्सही बदलावा लागतो.

तिसरा प्रश्न पिनियन पुढे कसे जाते याचा. जुन्या पद्धतीत मोटर झटक्याने फिरते, पिनियन जडत्वामुळे मागे राहते आणि आट्यांवरून सरकत रिंगमध्ये शिरते. नंतरच्या पद्धतीत सोलेनॉइड आधी पिनियन ढकलतो आणि ते अडकल्यावर मोटर फिरवतो. दोन्हींची अदलाबदल करताना रिंगचे दात कोणत्या बाजूने तासलेले आहेत ते पाहावे. काही जुन्या सेल्फमध्ये पिनियन लांबच्या बाजूने मोटरकडे ओढले जाते आणि रिंगचा उतारही त्या बाजूलाच असतो. तिथे सोलेनॉइडचा सेल्फ लावला तर पिनियन बोथट बाजूवर आपटत राहते आणि थोड्या दिवसांत रिंगच खाल्ली जाते.

चौथा प्रश्न बसण्याचा: बोल्टच्या दोन छिद्रांतले अंतर, तोंडाच्या गोल उंचवट्याचा व्यास, आणि थांबलेल्या पिनियनपासून रिंगपर्यंतचे अंतर. यातले पहिले दोन लेथवाला पट्टी बनवून जुळवू शकतो. तिसरे अंतर मात्र आधी मोजून ठेवले नाही, तर पिनियन एकतर सतत घासते किंवा पोहोचतच नाही.

पाचवा प्रश्न व्होल्टचा आणि चुंबकाचा. जुन्या सेल्फमध्ये कायमचे चुंबक नसतात. चुंबकत्व फील्ड कॉइल निर्माण करते आणि ती आर्मेचरच्या मालिकेतच जोडलेली असते. अशा मोटरला बॅटरी उलटी जोडली तरी ती त्याच दिशेने फिरते, कारण दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो. ब्रिटिश घराण्यातल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे. त्या गाड्यांत कॉइलचा जुना सेल्फ निर्धास्त बसवता येतो. आजकालचे लहान, गिअर असलेले सेल्फ पुष्कळदा कायमच्या चुंबकाचे असतात. ते अशा गाडीत उलटे फिरतील.

याच स्वभावामुळे सहा व्होल्टची गाडी बारावर नेताना मूळचा सेल्फ तसाच ठेवण्याची प्रथा पडली आहे. तो चालतो. मात्र सुरुवातीच्या झटक्याचा जोर कितीतरी वाढतो आणि तो बेंडिक्सच्या स्प्रिंगवर व रिंगच्या दातांवर पडतो. म्हणून सेल्फ दोन-तीन सेकंदांहून जास्त मारू नये. दिवे, हॉर्न, इग्निशन कॉइल आणि डायनामोचा कटआउट यांना ही सवलत नाही; ते बदलावेच लागतात.

जिथे आदेश चालत नाही

आता अपवादाकडे. सेल्फचे ब्रश झिजले की मिक्सरचे किंवा ड्रिल मशीनचे ब्रश घासून बसवण्याचा मोह होतो. आकार जुळतो, पण द्रव्य जुळत नाही. मिक्सर २३० व्होल्टवर थोडा प्रवाह घेतो. त्याच्या कार्बनच्या ब्रशमध्ये थोडा दाब वाया गेला तरी बिघडत नाही. सेल्फच्या ब्रशमध्ये तांब्याची पूड मोठ्या प्रमाणात मिसळलेली असते, कारण तिथे दाब थोडा आणि प्रवाह अफाट असतो. तांबूस झाक दिसते ती त्यामुळेच. ट्रॅक्टरच्या सेल्फचा मोठा ब्रश आणून तो कानसीने लहान करणे हा योग्य आदेश आहे. मिक्सरचा ब्रश नाही.

बुशचेही तसेच. मूळचा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि तेल पोटात धरून ठेवतो. बसवण्याआधी तो एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. लेथवाला भरीव गन मेटलचा बुश अचूक मापाचा करून देईल, पण त्याला तेल धरता येत नाही. तो वापरायचा तर वेळोवेळी तेल देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. बुश झिजला की आर्मेचर एका बाजूला झुकते, पोलला घासते आणि सेल्फ जड होतो. पुष्कळांना तेव्हा बॅटरी उतरली असे वाटते.

वायंडिंगचा प्रश्न आमच्या भागात विशेष आहे. विहिरीवरच्या पंपांमुळे मोटर भरून देणारे कारागीर इथे गावोगाव आहेत आणि त्यांचा हात कुशल आहे. पण पंपाच्या मोटरमध्ये बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. सेल्फच्या आर्मेचरमध्ये तांब्याच्या जाड पट्ट्या आणि मोजके वेढे. फील्ड कॉइलवरची सुती फीत कुजली असेल, तर पट्टी तीच ठेवून नवी फीत गुंडाळून वार्निश पाजण्याचे काम पंपाचा कारागीर उत्तम करतो. आर्मेचरच्या पट्ट्या कम्युटेटरपासून सुटल्या असतील, तर ते ऑटो इलेक्ट्रिशियनचेच काम. तिथे साध्या कथिलाचा डाग उष्णतेने वितळून बाहेर फेकला जातो.

कायदा आणि अस्सलपणा

हे सगळे केल्यावर गाडी जुनी राहते का, हा प्रश्न राहतो, आणि आता तो केवळ भावनेचा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली वाहने तीत बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. चासी, बॉडी आणि इंजिन यांत लक्षणीय फेरबदल नसावा, असे नियम म्हणतो. सेल्फ, सोलेनॉइड, केबल या यादीत नावानिशी येत नाहीत. पण सेल्फ बसावा म्हणून इंजिनाच्या घरट्यात नवे छिद्र पाडले, किंवा बॅटरीची पेटी बसावी म्हणून पत्रा कापला, तर आपण त्या यादीच्या अंगणात पाऊल टाकतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. आदेश असा निवडावा, की उद्या स्थानी सापडला तर तो परत त्याच जागी बसेल. भोक पाडायचे तर ते नव्या पट्टीला, गाडीला नाही. जुन्या लष्करी जीपमध्ये सेल्फ पायाने दाबायच्या स्विचवर चालत असे. तो स्विच जळाला तर ट्रॅक्टरचा सोलेनॉइड आडोशाला बसवून पायाखालच्या स्विचकडे फक्त त्याचा बारीक प्रवाह द्यावा. पाय तिथेच पडतो आणि भार दुसरा कुणी उचलतो. सोलेनॉइड मात्र गाडीच्याच व्होल्टचा घ्यावा. ट्रॅक्टरचा बारा व्होल्टचा सोलेनॉइड सहावर खात्रीने ओढत नाही.

काढलेला भाग भंगारात देऊ नये. मी प्रत्येक जुन्या भागाला पत्र्याची चिठ्ठी बांधतो. तीवर दातांची संख्या, दिशा, व्होल्ट, छिद्रांचे अंतर, पिनियनची दूरी आणि त्या जागी कोणत्या यंत्राचा भाग बसवला, हे खिळ्याने कोरलेले असते. हे ज्ञान आजवर मेकॅनिकांच्या बोटांत राहिले आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबरच गेले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. ज्यांच्या रोजच्या पोटापाण्यासाठी हे भाग बनत आणि दुरुस्त होत, ती गाडीही आता बाजारातून उठली. यापुढे शोधणाऱ्याला दुकानाच्या फळीवर तयार उत्तर क्वचित मिळेल. त्याच्या हातात कुणीतरी कोरून ठेवलेली सहा मापे असली, तर मलकापूरच्या ट्रॅक्टरच्या दुकानातही त्याचे काम होईल.